निवडलेल्यांची पंगत

१६ मे १५५३ रोजी फ्रान्समधल्या लिआँ शहरात पाच विद्यार्थ्यांना जिवंत जाळण्यात आले. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला धर्मशास्त्र शिकून ते मायदेशी परतत होते. प्रॉटेस्टंट मताचे म्हणून त्यांना वाटेतच पकडले आणि वर्षभर कोठडीत ठेवले. त्या वर्षात जिनिव्हाहून त्यांना पत्रे येत राहिली. पत्रे लिहिणारा जॉन कॅल्विन स्वतः फ्रान्समधून परागंदा झालेला होता, दुखण्यांनी कायम पीडलेला होता. सुटकेची आशा मावळली तेव्हा त्याने त्यांना खोटा धीर दिला नाही. तुम्ही देवाचे आहात आणि त्याच्या हातून तुम्हाला कोणी हिसकावून घेऊ शकत नाही, या विश्वासावर त्याने त्यांना उभे केले.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला जिनिव्हाच्या वेशीबाहेर शांपेल येथे आणखी एक सरण रचले गेले. या वेळी मरणारा होता मायकेल सर्व्हिटस हा स्पॅनिश वैद्य. त्रैक्याचा सिद्धान्त त्याला मान्य नव्हता आणि तसे त्याने छापले होते. लिआँजवळच्या व्हिएन्न गावी कॅथलिक न्यायालयाच्या कैदेतून तो निसटला, जिनिव्हात आला आणि ओळखला गेला. शिक्षा नगरपरिषदेने ठोठावली हे खरे. पण आरोप मांडण्यात आणि ते सिद्ध करण्यात कॅल्विन पुढे होता. जाळण्याऐवजी तलवारीने मारा, एवढीच सवलत त्याने मागितली आणि तीही मिळाली नाही.

पाच महिन्यांच्या अंतराने पेटलेल्या या दोन सरणांपैकी एकाकडेच पाहणारे लोक आजही पुष्कळ आहेत. कॅल्विनचे भक्त लिआँ सांगतात, विरोधक शांपेल. ख्रिस्ती माणसाला आज त्याच्या धर्मशास्त्रातून काही घ्यायचे असेल तर दोन्हींसमोर उभे राहावे लागेल. देव सर्वांवर सार्वभौम आहे, तारण त्याच्या कृपेनेच होते आणि कोणाला तारायचे हे त्याने आधीच ठरवले आहे, ही शिकवण छळल्या जाणाऱ्याच्या तोंडी आली की प्रार्थना होते. न्यायासनावर बसलेल्याच्या तोंडी आली की तिचे काय होते, याचा साडेचारशे वर्षांचा इतिहास समोर आहे.

कॅल्विनचा जन्म १५०९ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या न्वायाँ गावचा. शिक्षण कायद्याचे. १५३४ मध्ये पॅरिसमध्ये कॅथलिक उपासनेविरुद्ध भित्तिपत्रके लागली, धरपकड आणि जाळपोळ सुरू झाली, तेव्हा तो देश सोडून बाझेलला गेला. तिथे १५३६ मध्ये त्याच्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली. ती सहाच प्रकरणांची होती आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याला अर्पण केलेली होती. ज्यांना तुम्ही जाळता आहात त्यांची श्रद्धा नेमकी काय आहे ते ऐकून तरी घ्या, अशी ती एका वकिलाची कैफियतच होती. १५५९ च्या शेवटच्या लॅटिन आवृत्तीपर्यंत त्या सहा प्रकरणांची ऐंशी झाली.

या ऐंशी प्रकरणांत पूर्वनियुक्तीची, म्हणजे कोणाला तारायचे हे देवाने आधीच ठरवल्याच्या शिकवणीची, चर्चा कुठे येते हे पाहण्यासारखे आहे. देवाच्या स्वरूपाचे विवेचन पहिल्या भागात आहे. ती तिथे नाही. विश्वासाने जगताना कृपेचा अनुभव कसा येतो याबद्दलच्या तिसऱ्या भागात, एकविसाव्या ते चोविसाव्या प्रकरणांत, ती आहे. तिच्या लगेच आधी आहे प्रार्थनेवरचे दीर्घ प्रकरण. म्हणजे वाचक आधी गुडघे टेकतो आणि मग या प्रश्नाकडे येतो. प्रश्नही पाळकाच्या रोजच्या अनुभवातला आहे. एकाच मंदिरात, एकाच उपदेशाने एकाचे मन पालटते आणि शेजारी बसलेल्याचे पालटत नाही, असे का? पहिला अधिक शहाणा किंवा अधिक चांगला म्हणून, असे उत्तर दिले तर विश्वास ही बढाई मारायची गोष्ट होते. कॅल्विनने पौलाच्या रोमकरांस आणि इफिसकरांस पत्रांचा आणि ऑगस्टीनचा आधार घेऊन सांगितले की विश्वाससुद्धा देणगीच आहे. ज्याला ती मिळाली त्याच्या खात्यावर काहीही जमा नव्हते.

मग ज्याला मिळाली नाही त्याचे काय? कॅल्विन इथे मागे हटला नाही. त्यालाही देवाने वगळले आहे, असे त्याने स्पष्ट लिहिले. आणि हा ठराव भयंकर आहे, हेही त्यानेच लिहिले. त्याच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा ही कबुली अधिक मोलाची आहे. भय वाटत असूनही त्याने ते मांडले. ज्यांना पुढे ते मांडताना काहीच वाटेनासे झाले, ते त्याचे खरे वारस म्हणता येत नाहीत. या विषयात कुतूहलाने शिरणारा भूलभुलैयात हरवतो, अशी सूचनाही त्याने देऊन ठेवली होती. आपली निवड झाली आहे का हे स्वतःच्या मनात किंवा यशात शोधू नका, ख्रिस्ताकडे पाहा, तोच आरसा आहे, असे तो सांगत असे. माक्स वेबरने १९०४-०५ मध्ये भांडवलशाहीच्या मुळाशी शोधलेली तारणाची चिंता, धंद्यातल्या बरकतीत निवडीची खूण पाहणारा माणूस, ही गोष्ट नंतरच्या पिढ्यांची आहे. कॅल्विनचे स्वतःचे उत्तर असे नव्हते.

ऐकणारे कोण होते हेही लक्षात घ्यायला हवे. दहाएक हजार वस्तीचे जिनिव्हा १५५० नंतरच्या दशकात निर्वासितांनी दुप्पट फुगले. घरदार, दुकान, आईबापांच्या कबरी मागे टाकून आलेले सुतार, छापखानेवाले, विणकर, विधवा. त्यांच्यासाठी वेगळा मदतनिधी होता. कॅल्विनने १५४१ मध्ये मंडळीची घटना लिहिली. तिच्यात पाळक, शिक्षक आणि वडील यांच्या जोडीला गरिबांची व आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या सेवकांचे चौथे पद होते. कॅल्विनचे स्वतःचे घरही दुःखातून सुटले नव्हते. त्याचा मुलगा जन्मताच काही दिवसांत गेला, पत्नी इदलेत १५४९ मध्ये गेली. जगाच्या स्थापनेपूर्वी देवाने मला नावाने ओळखले, हे वाक्य राजाच्या हुकमाने नावगाव पुसल्या गेलेल्या माणसाने ऐकले तर त्याला काय वाटेल? त्याला त्यात नरकाची यादी ऐकू येत नाही. आपल्याला कोणी टाकून दिलेले नाही, एवढे ऐकू येते.

तरीही आक्षेप तेव्हाच उभे राहिले होते. जेरोम बोल्सेक या वैद्याने १५५१ मध्ये भर सभेत म्हटले की अशाने देव जुलमी ठरतो, पापाचाही कर्ता ठरतो. त्याला हद्दपार केले गेले. सर्व्हिटस गेल्यावर सेबास्टियन कास्टेलियो या विद्वानाने पाखंडी ठरवलेल्यांना मारण्याविरुद्ध १५५४ मध्ये पुस्तक काढले. माणूस मारल्याने सिद्धान्ताचे रक्षण होत नाही, फक्त माणूस मरतो, ही त्याची भूमिका होती. ख्रिस्ती जगाने या बाबतीत अखेर कास्टेलियोचे ऐकले. कॅल्विनच्याच अनुयायांनी १९०३ मध्ये शांपेलला प्रायश्चित्ताचा दगड उभारला.

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत शिकवण ताठर झाली. हॉलंडमध्ये याकोबस आर्मिनियस याने मांडले की देव कृपा सर्वांना देऊ करतो आणि माणूस ती नाकारू शकतो. त्याच्या मृत्यूनंतर अनुयायांनी १६१० मध्ये पाच मुद्दे लिहून दिले. उत्तर देण्यासाठी डॉर्ट शहरात १६१८-१९ मध्ये महासभा भरली, पाच मुद्द्यांना पाच उत्तरे ठरली, आर्मिनियसच्या बाजूच्या सुमारे दोनशे पाळकांची पदे गेली. त्याच सुमारास त्या पक्षाचा राजकीय पाठीराखा, एकाहत्तर वर्षांचा ओल्डनबार्नेव्हेल्ट, याचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. कॅल्विनवाद म्हणजे पाच मुद्दे, ही समजूत तिथून रूढ झाली. डॉर्टच्या ठरावांत पाळकाची ममता असलेले परिच्छेदही आहेत, पण मुद्दे पाठ करणाऱ्यांपैकी थोडेच तिथपर्यंत जातात.

निवड आधीच झाली आहे तर शुभवर्तमान सांगायला जायचे कशाला? अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या काही बाप्टिस्ट मंडळ्यांत हा प्रश्न इतका घट्ट बसला की बाहेरच्यांना विश्वासाचे बोलावणे देणेही गैर वाटू लागले. अँड्र्यू फुलर या पाळकाने १७८५ मध्ये, कॅल्विनची चौकट न सोडता, याचे खंडन केले : कोण निवडलेला आहे हे देवाला ठाऊक, माणसाचे काम सर्वांना बोलावण्याचे. त्याचे मित्र विल्यम कॅरी, धंद्याने मोची, यांनी ते मनावर घेतले. १७९२ मध्ये मिशन स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी कॅरी बंगालमध्ये उतरले. मराठी वाचकाचा या वादाशी संबंध इथे येतो. सेरामपूरहून १८०५ मध्ये निघालेले मराठी भाषेचे व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश कॅरींचेच. वैजनाथ पंडितांच्या मदतीने हे काम झाले. निवडीची शिकवण मानणाऱ्या माणसाने परक्या भाषेतली क्रियापदांची रूपे लावत वर्षे घालवावीत, हे वरवर विसंगत दिसते. फुलर वाचलेल्याला ते तसे वाटत नाही.

अमेरिकेतही असेच घडले. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे काही विद्यार्थी १८०६ मध्ये वादळात गवताच्या गंजीआड थांबले आणि तिथे त्यांनी परदेशी सेवेचा निश्चय केला. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड उभे राहिले. त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. हॉल १८२६ मध्ये पटकीने वारले. अहमदनगर, मुंबई, सोलापूर, सातारा या भागांतल्या मंडळ्या, शाळा, 'ज्ञानोदय' नियतकालिक हे सारे न्यू इंग्लंडच्या कॅल्विनपंथी मंडळ्यांच्या शाखेवरचे. पुण्याचे स्कॉटिश मिशनही त्याच कुळातले. जोतीराव फुले त्याच्याच शाळेत शिकले. नगर भागातल्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार-मांग समाजांतून आली. जन्माने, कर्माने, पुण्याने काहीही ठरत नाही, देव कोणालाही केवळ कृपेने बोलावतो, हे त्यांच्या गावकुसाबाहेरच्या घरांत प्रथमच कोणी बोलत होते, असे म्हणणे चोखोबांच्या भूमीत चुकीचे ठरेल. पण या बोलावण्याबरोबर सर्वांनी एकत्र बसायचे प्रभुभोजनही होते.

या परंपरेतून आलेल्या दोघांना नंतर मराठी संतांनी खेचून घेतले. पुण्याच्या स्कॉटिश मिशनचे निकल मॅक्निकल यांनी १९१९ मध्ये मराठी संतांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद काढला. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट निवृत्तीनंतर महिपतींची संतचरित्रे इंग्रजीत आणत राहिले. आपल्या अंगी काही नाही, सारे त्याच्या देण्याने, ही भावना त्यांना इथे पुन्हा भेटली असेल तर नवल नाही. दक्षिणेतल्या वैष्णवांत तर हाच वाद शतकानुशतके चालला : माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते, भक्त यांतला कोणता? कॅल्विन निःसंशय मांजरीच्या बाजूचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. आतले कोण आणि बाहेरचे कोण हे ठरवण्याची घाई त्यांना नव्हती.

ती घाई कुठवर जाते हे दक्षिण आफ्रिकेत दिसले. केपमधल्या डच रिफॉर्म्ड मंडळीने १८२९ मध्ये ठरवले होते की प्रभुभोजन रंगाचा भेद न करता सर्वांना एकत्र द्यायचे. १८५७ च्या सभेत गोऱ्या सभासदांची कुरकुर पुढे आली. सभेने म्हटले की एकत्र बसणे हेच शास्त्राला धरून आहे, पण काहींच्या दुर्बळपणामुळे अडचण होत असेल तर इतरांनी वेगळ्या इमारतीत उपासना करावी. पंक्तिभेद म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सवलत म्हणून आलेली गोष्ट नियम झाली, १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांची निराळी मंडळी झाली, पुढे कृष्णवर्णीयांची. १९४८ नंतर वर्णभेदी राजवटीला धर्माचा आधार द्यायला धर्मपंडित तयारच होते. सुरुवातीचे बोअर शेतकरी स्वतःला देवाची निवडलेली प्रजा समजत होते ही कथा पुष्कळशी नंतर रचलेली, असे इतिहासकार आंद्रे दु ट्वा यांनी दाखवले आहे. म्हणजे शिकवणीने राष्ट्र घडवले असे झाले नाही. सत्तेने शिकवण वापरली.

आणि त्याच शिकवणीने तिला उत्तरही दिले. बायर्स नॉदे हे त्या समाजातले प्रतिष्ठित पाळक, गुप्त अफ्रिकानर संघटनेचे सभासद. त्यांनी संघटना सोडली, मंडळी सोडावी लागली, १९७७ पासून सात वर्षे सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम ठेवला. १९८२ मध्ये ओटावा येथे जगातल्या रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या सभेने वर्णभेदाला पाखंड ठरवले आणि दोन गोऱ्या मंडळ्यांचे सभासदत्व स्थगित केले. त्याच वर्षी केप टाउनजवळच्या बेलहारमध्ये मिश्रवर्णीयांच्या मंडळीने श्रद्धापत्राचा मसुदा केला, १९८६ मध्ये तो स्वीकारला. त्यात मंडळीची एकता आहे, समेट आहे आणि देव विशेषेकरून वंचितांचा, गरिबांचा, अन्याय झालेल्यांचा देव आहे हे विधान आहे. निवड हा सिद्धान्त सोडून न देता तो कोणाच्या बाजूला झुकतो हे त्यांनी सांगितले. असा आवाज त्याआधीही उठला होता. अमेरिकेत जॉर्ज व्हाइटफील्डसारखा थोर कॅल्विनपंथी उपदेशक गुलामगिरीची तरफदारी करत होता, आणि आफ्रिकी बापाचा मुलगा, बांधील नोकर म्हणून वाढलेला लेम्युअल हेन्स याने १७७६ मध्ये तेच धर्मशास्त्र हाती घेऊन गुलामांच्या मुक्तीचा निबंध लिहिला. तो छापला गेला १९८३ मध्ये.

विसाव्या शतकात या शिकवणीची सर्वांत धाडसी फेरमांडणी कार्ल बार्थ यांनी केली. हिटलरच्या अंकित होऊ पाहणाऱ्या जर्मन मंडळीविरुद्धचे १९३४ चे बार्मेन घोषणापत्र मुख्यतः त्यांच्या लेखणीचे. १९४२ मध्ये त्यांनी लिहिले की निवडणारा देव आणि निवडलेला माणूस हे दोन्ही येशू ख्रिस्तच आहे. वगळले जाणेही त्यानेच स्वतःवर घेतले. माणसांच्या दोन याद्या या मांडणीत उरत नाहीत. कॅल्विनने आरसा म्हटले ते बार्थ यांनी शेवटपर्यंत नेले. सर्वांचेच तारण होईल असा त्याचा अर्थ होतो का, यावर वाद आहेत. बार्थ यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले नाही, आणि हा त्यांचा संयम योग्यच होता.

आज कॅल्विन पुन्हा वाचला जातो आहे. २००९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने जग बदलणाऱ्या दहा कल्पनांत नव्या कॅल्विनवादाचा समावेश केला. मिनियापोलिसचे जॉन पायपर, न्यूयॉर्कचे टिमोथी केलर यांची प्रवचने भारतातले तरुण पाळकही ऐकतात. ओढ समजण्यासारखी आहे. पेरणी-कापणीचा हिशेब सांगून देणग्या गोळा करणारे, आजार बरा झाला नाही तर तुझा विश्वास कमी पडला असे आजाऱ्यालाच सुनावणारे उपदेशक गावोगावी वाढले आहेत. कर्करोगाने खाटेवर पडलेल्या बाईला तिच्या विश्वासाची मोजणी नको असते. १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी तिला पहिल्याच प्रश्नात सांगते की जगताना आणि मरताना ती स्वतःची नाही, ख्रिस्ताची आहे, आणि हेच तिचे समाधान. कॅल्विनच्या परंपरेने आजच्या ख्रिस्ती माणसाला द्यावे असे यापेक्षा मोठे काही सापडत नाही. मात्र हाच नवा उत्साह पुष्कळदा पाच मुद्द्यांच्या वादात जिंकण्यापुरता उरतो. ज्याला स्वतःची लायकी नसताना सारे मिळाले, त्याने दुसऱ्याला तुच्छ लेखावे कसे?

त्या प्रश्नोत्तरीचे तीन भाग आहेत : माणसाची दुर्दशा, सुटका आणि कृतज्ञता. दहा आज्ञा तिसऱ्या भागात येतात, म्हणजे आज्ञापालन हे तारणाचे मोल नसून आभार आहे. ती कृतज्ञता ईशान्य भारतात दिसते. वेल्सच्या कॅल्विनपंथी मेथडिस्टांनी १८४१ मध्ये खासी टेकड्यांत आणि पुढे मिझोराममध्ये काम सुरू केले. त्या कामातून उभ्या राहिलेल्या मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या बायका शंभराहून अधिक वर्षे रोजच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. त्यातून जमलेल्या पैशावर त्यांचे सुवार्तिक आणि शाळा चालतात. कृतज्ञतेचा तिसरा भाग तिथे चुलीपाशी चालू आहे.

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांपुढचे काम निराळे आहे. कॉंग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा मोठा भाग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाला. कॅल्विनचे नाव आता उपासनेत क्वचितच निघते. नाव निघावे असा आग्रहही नको. पण लग्न जुळवताना बाप्तिस्म्याआधीची जात विचारणारी घरे भारतभरच्या ख्रिस्ती समाजात आहेत, आणि वडील निवडताना आडनाव पाहणारे सभासदही आहेत. बेलहारची कसोटी इथे लागू पडते. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या मंडळीच्या वतीने विली यॉन्कर यांनी १९९० मध्ये रस्टनबर्गच्या परिषदेत पापाची जाहीर कबुली दिली, आणि डेस्मंड टूटू यांनी उभे राहून ती स्वीकारली. त्या मंडळीने बेलहार मात्र सर्वांना बंधनकारक श्रद्धापत्र म्हणून अजून घेतलेले नाही. सगळ्यांत जास्त अडखळण होते ती देव अन्याय झालेल्यांच्या बाजूचा आहे या विधानाशी.